तीन इंजिनं, एक चूक

रोल्स-रॉइसच्या आरबी-२११ इंजिनात तेलाच्या वाटेवर एक चुंबकी बूच बसवलेलं असतं. मेकॅनिक त्याला मास्टर चिप डिटेक्टर म्हणतात. आतलं एखादं बेअरिंग किंवा गिअर झिजू लागलं की धातूचा बारीक कीस तेलात उतरतो आणि या चुंबकाला चिकटतो. इंजिन न खोलता त्याच्या पोटातलं दुखणं कळावं, यासाठी ही सोय. अमेरिकेच्या ईस्टर्न एअरलाइन्सने तर आपल्या ट्रायस्टार विमानांसाठी नियमच केला होता: दर २२ उड्डाणतासांनी तिन्ही इंजिनांची ही बुचं काढायची, तपासायला पाठवायची आणि त्यांच्या जागी दुसरी बसवायची. म्हणजे विमान दोन-तीन दिवस उडलं, की रात्री कुणीतरी तिन्ही इंजिनांना हात घालणार हे ठरलेलंच.

५ मे १९८३च्या पहाटे मायामीत हे काम दोघा मेकॅनिकांकडे आलं. बुचावर दोन रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, चढवावी लागतात. तेल अडतं ते त्यांच्यामुळे. एरवी ही बुचं फोरमनच्या खोलीतल्या कपाटात कडी चढवून तयार ठेवलेली असत. मेकॅनिकने यायचं, हवी तेवढी उचलायची आणि कामाला लागायचं. त्या रात्री कपाट रिकामं होतं. एकजण स्टोअरमध्ये गेला आणि तिथून तीन बुचं घेऊन आला. भाग वापरायला योग्य असल्याची चिठ्ठी त्यांना लावलेली होती. कडी मात्र नव्हती. कामाच्या कार्डावर ओ-रिंगचा उल्लेख होता, पण आजवर हातात आलेल्या बुचावर ती असायचीच, त्यामुळे ती वेगळी शोधायची सवय कुणालाच नव्हती. बुचं बसली, कार्डावर सह्या झाल्या. गळती तपासण्यासाठी प्रत्येक इंजिन दहाएक सेकंद नुसतं फिरवून पाहिलं गेलं. तेवढ्या वेळात गळती दिसली नाही.

सकाळी ८ वाजून ५६ मिनिटांनी ईस्टर्नचं ८५५ क्रमांकाचं उड्डाण १६२ प्रवासी आणि १० कर्मचारी घेऊन मायामीहून बहामातल्या नासाउकडे निघालं. नासाउ जवळ आलं, विमान खाली येऊ लागलं, आणि मधल्या इंजिनाचा तेलदाब घसरल्याचा दिवा लागला. वैमानिकांनी ते इंजिन बंद केलं आणि मायामीला परतायचं ठरवलं. परतीच्या वाटेवर उरलेल्या दोन्ही इंजिनांचे दिवे लागले आणि तिन्ही तेलमापकांचे काटे शून्यावर आले. कॉकपिटमध्ये कुणाचाच यावर विश्वास बसेना. तीन वेगळी इंजिनं, प्रत्येकाची तेलाची टाकी वेगळी, पंप वेगळा; ती एकाच वेळी कोरडी कशी पडतील? मापकच बिघडले असणार, असा त्यांनी अर्थ लावला.

यंत्राच्या बाजूने पाहिलं तर तो अर्थ अगदी वाजवी होता. एका इंजिनाचा दुसऱ्याशी संबंध नाही, याच भरवशावर जगभरची विमानं समुद्र ओलांडत होती. पण रात्री त्या तिन्ही इंजिनांना एकाच कपाटाने, एकाच स्टोअरने आणि एकाच सवयीने जोडून ठेवलं होतं. हे नातं कुठल्याही आराखड्यात काढलेलं नसतं.

९ वाजून २८ मिनिटांनी उजवं इंजिन थांबलं. पाचेक मिनिटांनी डावंही थांबलं. खाली अटलांटिक, प्रवाशांच्या अंगावर लाइफ जॅकेट, समुद्रात उतरण्याची तयारी सुरू. सुमारे १३,००० फुटांवरून विमान इंजिनाशिवाय उतरत राहिलं आणि ४,००० फुटांच्या आसपास आल्यावर मधलं इंजिन पुन्हा पेटलं. वैमानिकांनी ते लवकर बंद केल्यामुळे त्याची पुरती राखरांगोळी झालेली नव्हती. त्या एका इंजिनावर ट्रायस्टार ९ वाजून ४६ मिनिटांनी मायामीला उतरलं. कुणालाही इजा झाली नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली तेव्हा मेकॅनिकांची चूक उघडच होती. धक्का देणारी गोष्ट त्याच्या पुढे होती. सप्टेंबर १९८१पासून याच कंपनीत याच बुचाच्या आणि याच कड्यांच्या बसवणुकीवरून बारा घटना झालेल्या होत्या. इंजिनं हवेत बंद करावी लागली होती, विमानं मधेच उतरवावी लागली होती. प्रत्येक वेळी व्यवस्थापनाने चौकशी केली आणि प्रत्येक वेळी निष्कर्ष एकच निघाला: अमुक मेकॅनिकने हलगर्जीपणा केला. त्याला समज दिली, सूचनापत्रक काढलं, प्रकरण मिटलं. एकच चूक बारा वेगवेगळ्या प्रसंगी होते, तर ती चूक माणसांत आहे की कामाच्या रचनेत, हा प्रश्न कुणी विचारला नाही. विमान देखभालीच्या इतिहासातली ही सर्वांत महाग पडलेली सवय आहे. नाव सापडलं की चौकशी थांबते.

खरं तर या प्रश्नाची एक बाजू मायामीच्या घटनेच्या चाळीस वर्षं आधीच उजेडात आली होती, आणि तीही एका जीवशास्त्रज्ञाच्या हातून. कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन हा भ्रूणविकासाचा अभ्यासक. त्याचं अगदी लहानपण भारतात, मद्रास इलाख्यातल्या चहाच्या मळ्यांवर गेलेलं. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये संशोधन विभागात होता. अटलांटिकवर जर्मन पाणबुड्या शोधणारी विमानं जास्तीत जास्त काळ हवेत कशी राहतील, हे या विभागाने शोधायचं होतं. प्रत्येक विमानाची ठरावीक तासांनी तपासणी होई. त्यातली एक दर ५० तासांची. वॉडिंग्टनच्या गटाने एक साधा आलेख काढला: शेवटच्या तपासणीनंतर किती तासांनी विमानात अनपेक्षित बिघाड निघतात?

अपेक्षा अशी की तपासणीनंतर लगेच बिघाड सर्वांत कमी असतील आणि पुढच्या तपासणीपर्यंत ते हळूहळू वाढत जातील. आलेख नेमका उलटा निघाला. बिघाड सर्वांत जास्त तपासणीनंतर लगेच होत होते आणि तास सरतील तसे कमी होत जात होते. वॉडिंग्टनने त्याचा अर्थ स्पष्टपणे मांडला: तपासणीमुळेच बिघाड वाढत होते, कारण चांगल्या चाललेल्या यंत्राची घडी त्यात विस्कटत होती. त्यानंतर तपासण्यांमधलं अंतर वाढवलं गेलं, निष्कारण खोलाखोल कमी झाली आणि तेवढ्याच विमानांतून उड्डाणाचे तास बरेच वाढले. युद्धकाळातलं हे काम बराच काळ गोपनीय राहिलं. वॉडिंग्टनचं त्यावरचं पुस्तक छापून यायला १९७३ साल उजाडलं.

तोवर नागरी विमानसेवाही स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचत होती. पिस्टन इंजिनांच्या काळापासून रूढ समजूत अशी होती, की ठरावीक तास झाले की इंजिन उतरवायचं, सगळं सुटं करायचं, धुवायचं, पुन्हा जुळवायचं. तेच सर्वांत सुरक्षित. युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी १९७८मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालाने या समजुतीला आकड्यांनी उत्तर दिलं. त्यांनी अभ्यासलेल्या भागांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक भागांत बिघाडाचा धोका वयाबरोबर वाढत नव्हता; तो सर्वांत जास्त होता नुकता बसवल्यावर. या विचारातून आजची पद्धत आली, जिथे इंजिन पंखावरच राहतं, आत बोरस्कोपची बारीक दुर्बीण घालून पाहतात, तेलाचे नमुने घेतात आणि लक्षण दिसलं तरच खोलतात. ईस्टर्नचं चुंबकी बूचही याच नव्या विचारातलं होतं. इंजिन कमी वेळा खोलावं म्हणून आलेली ही सोय दर २२ तासांनी इंजिनाला छिद्र पाडण्याची संधी बनली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

नोलन आणि हीप यांचा अहवाल प्रसिद्ध झाल्याला वर्षही झालं नसेल, तेव्हा शिकागोची दुर्घटना घडली.

२५ मे १९७९. दुपारी तीनच्या सुमाराला अमेरिकन एअरलाइन्सचं १९१ क्रमांकाचं उड्डाण शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून लॉस एंजेलिसला निघालं. डीसी-१० विमानाने नाक उचललं त्याच क्षणी डाव्या पंखाखालचं इंजिन, त्याला पंखाशी जोडणाऱ्या पायलनसकट, सुटून वर गेलं आणि पंखावरून मागे पडलं. जाताना त्याने पंखाच्या पुढच्या कडेतल्या हायड्रॉलिक नळ्या तोडल्या. डाव्या पंखाचे पुढचे पडदे मिटले, तो पंख वर उचलला जाईना, आणि जमीन सोडल्यावर ३१ सेकंदांत विमान कोसळलं. विमानातले २७१ आणि जमिनीवरचे २ जण गेले.

या अपघाताचं मूळ आठ आठवडे आधी, ओक्लाहोमातल्या टल्सा इथल्या हँगरमध्ये होतं. निर्मात्या मॅकडोनेल डग्लसने पायलनमधली बेअरिंगं बदलायला सांगितलं होतं. त्याची सांगितलेली रीत अशी, की आधी इंजिन उतरवायचं, मग पायलन. अमेरिकन एअरलाइन्सच्या अभियंत्यांनी दुसरी रीत शोधली: इंजिन आणि पायलन एकत्रच उतरवायचे आणि तो सगळा भार मोठ्या फोर्कलिफ्टवर पेलायचा. यात दर विमानामागे सुमारे २०० मनुष्यतास वाचत होते. त्याहूनही पटण्यासारखं कारण वेगळं होतं: तेलाच्या, इंधनाच्या नळ्या आणि विजेच्या तारा मिळून सोडवाव्या लागणाऱ्या जोडण्या निम्म्याहून कमी होत होत्या. जोडण्या कमी, म्हणजे पुन्हा जोडताना चुका कमी. या लोकांना बेफिकीर म्हणणं अन्यायाचं ठरेल. वॉडिंग्टनचा धडा त्यांना त्यांच्या परीने कळलेलाच होता.

पण फोर्कलिफ्ट हे गोदामातलं यंत्र. त्याच्या दात्यांवर कित्येक टनांचा भार तोलून मिलिमीटरच्या हिशेबात तो वर-खाली करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. चालवणाऱ्याला वरचा सांधा दिसत नव्हता. दुसऱ्याने हातवारे करायचे आणि याने कळ दाबायची. त्यात मधेच शिफ्ट बदलली. पायलन अर्धवट सुटलेला, भार फोर्कलिफ्टवर पेललेला, आणि माणसं घरी गेलेली. पुढच्या शिफ्टने येऊन पाहिलं तर पायलन जागेवरून सरकून वरच्या जोडाला टेकला होता. त्यांनी तो नीट केला आणि काम पुरं केलं. पायलनच्या मागच्या भिंतीच्या कडेला दहाएक इंच लांबीची भेग पडली होती, ती कुणाला दिसली नाही. पुढचे आठ आठवडे प्रत्येक उड्डाणाबरोबर ती वाढत गेली.

याच्या आधीचा अध्याय अधिक क्लेशकारक आहे. कॉन्टिनेंटल एअरलाइन्सही फोर्कलिफ्टची हीच रीत वापरत होती आणि डिसेंबर १९७८ व फेब्रुवारी १९७९मध्ये तिच्या दोन विमानांवर याच जागी, याच प्रकारचं नुकसान झालं होतं. ते तिथेच दिसलं, दुरुस्त झालं. पण ती विमानाच्या रचनेतली उणीव नव्हती, कामगारांच्या हातून झालेली मोडतोड होती. त्यामुळे ती सरकारी नियामकाला कळवण्याची गोष्ट आहे असं कुणाला वाटलं नाही. टल्सातल्या मेकॅनिकांना ती बातमी वेळेत, तिच्या खऱ्या गांभीर्याने मिळाली असती तर? अपघातानंतर सगळी डीसी-१० विमानं जमिनीवर आणून तपासली, तेव्हा या दोन्ही कंपन्यांच्या आणखी काही विमानांवर तशाच भेगा सापडल्या. युनायटेडने क्रेनसारख्या उचलयंत्राने इंजिन-पायलन उतरवले होते; तिच्या विमानांना काही झालेलं नव्हतं.

चूक दरवेळी काही बसवताना किंवा मोडताना होते असंही नाही. कधी ती फक्त पाहताना होते. १९ जुलै १९८९ला युनायटेडचं २३२ क्रमांकाचं उड्डाण आयोवातल्या सू सिटीत कोसळलं. शेपटीतल्या इंजिनाची टायटॅनियमची पंखचकती हवेत फुटली आणि तिच्या तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा कापल्या. २९६ जणांपैकी ११२ जण दगावले. ती चकती पुढे ऑक्टोबरमध्ये मक्याच्या शेतात, कापणीच्या वेळी सापडली. तिच्यातला दोष धातू ओतला गेला तेव्हापासूनचा होता. पण सतरा महिने आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यशाळेत ती तपासली गेली होती, आणि त्या वेळी भेग अर्ध्या इंचाच्या आसपास झालेली असावी, असं चौकशीत निघालं. चमकणारा द्रव लावून अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली भेग शोधायची ही रीत. शेकडो चकत्या पाहाव्यात आणि एकीतही भेग नसावी, असं वर्षानुवर्षं चालल्यावर डोळ्याला भेग दिसणं अवघड होत जातं. तपासणाऱ्याची नजर अधू नव्हती. तिला समोर काहीच न सापडण्याची सवय लागली होती.

मायामीच्या घटनेला बारा वर्षं होत आली तेव्हा तीच गोष्ट इंग्लंडमध्ये जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा घडली. २३ फेब्रुवारी १९९५ला ब्रिटिश मिडलंडचं बोइंग ७३७-४०० ईस्ट मिडलंड्सहून लांझारोटे बेटाकडे निघालं आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनांचं तेल संपत आल्याचं वैमानिकांना दिसलं. ते ल्यूटनला वळले आणि उतरून धावपट्टीवर असतानाच दोन्ही इंजिनं बंद केली. आदल्या रात्री दोन्ही इंजिनांची बोरस्कोप तपासणी झाली होती. आतली पाती एकेक करून दुर्बिणीसमोर आणायची, तर इंजिनाचा गाभा हाताने फिरवावा लागतो, आणि त्यासाठी एक झाकण काढावं लागतं. ती झाकणं परत बसवलेलीच नव्हती. दोन्ही इंजिनांवर.

त्या रात्रीची हकिगत ब्रिटिश चौकशी अहवालात आहे, आणि या व्यवसायात शिरणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी अशी आहे. मनुष्यबळ कमी होतं. ज्या अभियंत्याने काम सुरू केलं त्याला दुसऱ्या कामासाठी जावं लागलं. त्याने हँगरच्या रात्रपाळीच्या प्रमुखाला तोंडी सगळं सांगितलं आणि तो गेला. प्रमुखाने काम स्वतःच्या अंगावर घेतलं, कारण दुसरं कुणी मोकळं नव्हतं. पण तो प्रमुख. त्याला दर थोड्या वेळाने कुणीतरी काहीतरी विचारायला येणारच. काम किती वेळा थांबलं आणि किती वेळा पुन्हा सुरू झालं, याचा धागा हरवला. काम संपल्यावर इंजिन चालवून पाहण्याची चाचणी करायची असते. ती झाली असती तर गळती तिथेच दिसली असती. ती झाली नाही. पहाटे तीन-चारला माणसाचं शरीर झोपेच्या तळाशी असतं, आणि विमानांची बहुतेक देखभाल नेमकी त्याच वेळी होते, कारण दिवसा विमानं उडत असतात. अशी झाकणं विसरण्याचे प्रसंग त्याआधीही झालेले होते.

दोन इंजिनांच्या विमानांना १९८५पासून महासागर ओलांडण्याची परवानगी मिळू लागली, तसा या चुकीचा अर्थ आणखी गंभीर झाला. त्या परवानगीच्या नियमांना ईटॉप्स म्हणतात. त्यांत कालांतराने पक्की झालेली एक अट अशी, की एकाच वेळच्या कामात एकाच माणसाने दोन्ही इंजिनांवर तेच काम करू नये; करावंच लागलं तर दुसऱ्या जाणत्या माणसाने ते तपासावं. या अटीमुळे ज्या तळावर रात्री दोनच परवानाधारक अभियंते असतात तिथली कामाची मांडणीच बदलावी लागते, एक इंजिन आज आणि दुसरं उद्या असं करावं लागतं. लेखापालांना हे महाग वाटतं. पण मायामीत आणि ल्यूटनला जे घडलं त्याच्यावर दुसरा उपाय नाही: माणूस चुकणार असेल तर त्याची चूक एका इंजिनापुरती राहिली पाहिजे.

एकाच इंजिनातली चूकही पुरेशी भयंकर ठरू शकते, हे ऑगस्ट २००१मध्ये दिसलं. एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए३३० विमानाला काही दिवसांपूर्वी उजवीकडे बदली इंजिन बसवलं होतं. ते जुन्या बनावटीचं होतं. उतरवलेलं इंजिन सुधारित बनावटीचं. हायड्रॉलिक पंप जुन्या इंधननळीशी जुळेना. मेकॅनिकांच्या लक्षात आलं की बनावटीत फरक आहे. त्यांनी निर्मात्याचं पत्रक संगणकावर शोधलं, पण जोडणी चालेना. विमान द्यायची वेळ जवळ येत होती. त्यांनी उतरवलेल्या इंजिनाची इंधननळी काढून बसवली. हायड्रॉलिक नळी मात्र जुनीच राहिली. दोन नळ्यांमध्ये हवं ते अंतर हाताने ताण देऊन राखलं गेलं. नळीत दाब भरल्यावर ते उरलं नाही. नळी नळीला घासत राहिली.

२४ ऑगस्टच्या पहाटे, टोरांटोहून लिस्बनला जाताना अटलांटिकच्या मधोमध, इंधननळी फुटली. गळती ओळखायला उशीर झाला, दोन्ही इंजिनांचं इंधन संपलं. कॅप्टन रॉबेर पिशे आणि सहवैमानिक डर्क डी यागर यांनी ३०६ जणांचं ते विमान इंजिनांशिवाय १९ मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळावर उतरवलं. कुणीही दगावलं नाही. वैमानिकांच्या कौशल्याचं कौतुक जगभर झालं आणि ते योग्यच होतं. पण या घटनेतला सर्वांत शिकण्यासारखा क्षण हँगरमधला आहे. मेकॅनिकांना शंका आली होती. ती निस्तरण्याची साधनं त्या घडीला त्यांच्या हाताशी नव्हती आणि घड्याळ पुढे सरकत होतं. शंका येऊनही काम थांबवायचं धाडस होऊ नये, अशी परिस्थिती तिथे तयार झालेली होती.

या अनुभवांतून एक वेगळं शास्त्र उभं राहिलं. कॅनडाच्या परिवहन खात्यातल्या गॉर्डन ड्यूपाँट यांनी १९९३मध्ये मेकॅनिकच्या चुकांमागची बारा कारणं एकत्र मांडली: थकवा, घाई, लक्ष उडणं, साधनांचा तुटवडा, वरिष्ठांपुढे बोलता न येणं, 'असंच चालतं' ही रूढी, वगैरे. बोइंगने १९९०च्या दशकात चूक झाल्यावर विचारायच्या प्रश्नांची एक पद्धत विमान कंपन्यांना दिली. तिचा गाभा असा, की चूक करणाऱ्याकडून शिक्षा न करता सगळं ऐकून घ्यायचं आणि पुढच्या माणसाच्या वाटेतून कारण काढून टाकायचं. भारतातही हे आता अभ्यासक्रमात आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवाना परीक्षेत नववा विषय मानवी घटकांचाच असतो. मुंबईत जुन्या विमानतळावरच्या कार्यशाळांत किंवा नागपूरच्या मिहानमधल्या देखभाल तळावर उद्या सही करणाऱ्या मुला-मुलींना टर्बाइनच्या पात्यांबरोबरच झोप, ताण आणि स्मरणशक्ती यांवरही उत्तरं लिहावी लागतात. जुन्या पिढीतल्या अभियंत्यांना हा विषय हवेतला वाटत असे. ल्यूटनचा अहवाल वाचल्यावर तसं वाटायला जागा उरत नाही.

तरीही शिकवून सगळं भागत नाही. २४ मे २०१३ला लंडनच्या हीथ्रोवरून ब्रिटिश एअरवेजचं ए३१९ ऑस्लोकडे झेपावलं आणि दोन्ही इंजिनांची बाहेरची कवचं उडून गेली. उजव्या बाजूच्या कवचाने जाताना इंधनाची नळी फोडली, त्या इंजिनाला आग लागली. विमान परत उतरलं, ८० जण घसरगुंड्यांवरून सुखरूप बाहेर आले. रात्री दोघा तंत्रज्ञांनी ती कवचं उघडून तपासणी केली होती. एका भागात तेल घालायचं होतं आणि ते नंतर घेऊन यायचं म्हणून कवचं खाली ओढून, खिट्ट्या न लावता, ते पुढच्या कामाला गेले. तेल घेऊन परतले ते चुकीच्या विमानापाशी. तिथली कवचं बंद दिसली, तेव्हा त्यांना वाटलं कुणा सहकाऱ्याने लावली असतील. खिट्ट्या इंजिनाच्या पोटाखाली असतात. वाकून, जवळजवळ जमिनीला टेकून पाहिल्याशिवाय त्या दिसत नाहीत. सकाळी वैमानिकाने फेरी मारली, त्यालाही त्या दिसल्या नाहीत.

मुंबई-पुण्याहून रोज उडणाऱ्या ए३२० कुळातलंच ते विमान. या कुळात कवचं उडून जाण्याचे तीसहून अधिक प्रसंग त्याआधी जगभरात नोंदले गेले होते. नीट वाकून पाहा, अशी सूचना प्रत्येक वेळी निघत होती. हीथ्रोनंतर एअरबसने खिट्टीच बदलली. नव्या रचनेत कवच उघडायला किल्ली लागते, तिला लाल पट्टी लटकते, आणि खिट्टी पूर्ण बसल्याशिवाय ती किल्ली निघतच नाही. काम झालं की किल्ली कॉकपिटमध्ये तिच्या ठरलेल्या जागी ठेवायची. ती तिथे नसेल, तर इंजिनाखाली न वाकताही वैमानिकाला कळतं. युरोपीय नियामकाने २०१६मध्ये हा बदल सक्तीचा केला.